रेतीत लाल चमकदार दाणे निघाले, माणिक म्हणावं का? (वैरागडजवळ)

धानाचा_बांध
नमस्कार मंडळी. मी आरमोरी तालुक्यातला. घराचं काम काढलंय. मागच्या आठवड्यात ट्रॉलीभर रेती टाकली. प्लास्टरसाठी छानताना आईला खालच्या बारीक रेतीत लाल दाणे दिसले. रंग डाळिंबाच्या दाण्याचा, आकार मोहरीचा. ओले केले की जास्तच चमकतात. सोबत काळी भुरभुरीत रेतीही आहे. आईनं वाटीभर निवडून ठेवलेत.

गावच्या सोनारानं एक दाणा भिंगाखाली धरला, उलटापालटा केला आणि म्हणाला, "असू शकते." त्या "असू शकते"नं आमच्या घरात दोन रात्री कोणी नीट झोपलं नाही.

आता मुद्दा असा की वैरागड आमच्यापासून जवळ. तिथं हिऱ्यांची खाण होती हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मग हे लाल दाणे म्हणजे काय समजायचं? जाणकारांनी सांगावं. फोटो मोबाईलचा आहे, फार अपेक्षा ठेवू नका.

ठोंब्या
भाऊ, आधी धागा उडव. रेतीवाल्यानं वाचलं तर पुढची ट्रॉली तोळ्याच्या भावानं देईन.

झाडीपट्टी
आमच्या आजीच्या गावी सोनझरी येत जी. पानी सरला का नाल्यात बसत. लाकडाच्या काथवटीत रेती घेऊन हालवत. हलकी रेती पान्यासंगं निंगून जाय, खाली कारी रेती उरे. त्या काऱ्या रेतीत सोन्याचा कन दिसला त दिसला. आजी म्हने, दिसभर कंबर मोडून गुंजभर बी नाही भेटे. पन लाल दाने ते फेकूनच देत. माणिक राहते त कोन फेकते?

जुना_हातोडा
झाडीपट्टी यांनी अर्धं उत्तर देऊन टाकलं. सोनझरी लोकांना जे कळलं होतं, तेच आम्ही खनिजं शोधायच्या नोकरीत पगार घेऊन करायचो.

धानाचा बांध, तुमचे दाणे गार्नेट आहेत. फोटो धूसर आहे, पण आपल्याकडच्या शिस्ट-नाइस या दाबा-उष्णतेनं बदललेल्या खडकांत गार्नेट पोत्यानं भरलंय. न झिजलेला एखादा दाणा सापडला तर तोंडं मोजा. गार्नेटचा दाणा बहुतेक बारा तोंडांचा असतो, माणिक सहा बाजूंचा. माणकाची आशा सोडा आणि आईंना झोपायला सांगा.

पण वैरागडचं नाव काढलंत म्हणून पुढचं लिहितो. ती दंतकथा नव्हे. 'ऐन-ए-अकबरी'त वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. आणि हिरा शोधणारे लोक हिरा शोधत नाहीत, गार्नेट शोधतात. हिरा इतका विरळ असतो की चांगल्या खाणीतही टनभर खडकामागे एक-दोन कॅरेट, म्हणजे अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. तो नाल्याच्या रेतीत हाताला लागेल म्हणून बसलात तर नातवंडं म्हातारी होतील. पण हिऱ्याला वर आणणारा किंबर्लाइट नावाचा खडक येताना आपल्यासोबत भरपूर वऱ्हाडी आणतो: जांभळट लाल पायरोप गार्नेट, हिरवागार क्रोम डायॉपसाइड, मॅग्नेशियमवालं इल्मेनाइट, क्रोमाइट. नवरदेव दिसला नाही तरी वऱ्हाडी दिसले की लग्न कुठंतरी आहे एवढं कळतं. यांनाच सूचक खनिजं म्हणतात.

धानाचा_बांध
काका, म्हणजे माझे लाल दाणे वऱ्हाडी असू शकतात?

जुना_हातोडा
तुम्हीपण सोनारासारखंच "असू शकते" काढलंत! असू शकतात, पण बहुतेक नाहीत. आपल्याकडचं साधं गार्नेट म्हणजे अल्मंडाइन, त्यात लोह जास्त. रंग विटकरी-तपकिरीकडे झुकलेला. पायरोपमध्ये मॅग्नेशियम जास्त, क्रोमियम असलं की रंग वाइनसारखा जांभळा. पण रंगावर जाऊ नका. मी बत्तीस वर्षं दाणे पाहिले आणि रंगावरून बत्तीस वर्षं फसलो.

एक काम करा. ती वाटी बाजूला ठेवा. ट्रॉलीतली साधारण घमेलंभर न छानलेली रेती घ्या. दगड-गोटे काढा. टाक्यात पाणी घेऊन घमेलं पाण्याखाली धरा, गोल हलवा, मग पुढच्या कडेला जरा झुकवा. हलकी रेती आणि अभ्रक वाहून जाऊ द्या. पुन्हा हलवा, पुन्हा झुकवा. घाई केली की जड दाणेही जातात. शेवटी मूठभर काळी रेती उरेल. ती वाळवा. जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून फिरवा. मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं काळं खनिज, पिशवीला चिकटेल. चुंबक पिशवीतून बाहेर काढला की आपोआप गळून पडेल. पिशवी न घालता चुंबक लावलात तर आठवडाभर नखानं खरवडत बसाल.

राहिलेलं पुडीत भरा आणि पुडीवर जागा लिहा. कोणती नदी, कोणता घाट, पुलाच्या वर की खाली. हे विसरू नका.

धानाचा_बांध
काका, तिथंच अडचण आहे. ड्रायव्हर म्हणतो वैनगंगेची. शेजारी म्हणतो खोब्रागडीची. रात्री अकराला आलेली ट्रॉली आहे, समजून घ्या.

ठोंब्या
पुडीवर लिही: "साहेबाला विचारू नये."

जुना_हातोडा
हसण्यावारी नेऊ नका. सगळा खेळ तिथंच आहे. दाणा कोणत्या खडकात जन्मला हे त्याची केमिस्ट्री सांगते. तो कुठून उचलला हे मात्र उचलणाऱ्यालाच सांगावं लागतं. दुसरं माहीत नसेल तर पहिल्याचा काडीचा उपयोग नाही. खोब्रागडी वैरागडकडून येते. वैनगंगा थेट वरून, भंडाऱ्याकडून. दोन्ही रेती एका ट्रॉलीत असतील तर प्रश्नच मिटला, म्हणजे उत्तरही मिटलं.

प्रोबवाली
मी नागपूरला एका लॅबमध्ये इलेक्ट्रॉन प्रोबवर काम करते, म्हणून बोलते. लॅबचं नाव विचारू नये 🙂

केमिस्ट्री म्हणजे दाणा विरघळवून परीक्षानळीत रंग बघणं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. दाणे रेझिनमध्ये बसवून वडी करतात, ती घासून आरशासारखी पॉलिश करतात, वर कार्बनचा अतिशय पातळ थर देतात. मग मशीनमध्ये दाण्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात. एक-दोन मायक्रॉनचा ठिपका, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान. त्या ठिपक्यातून जे क्ष-किरण निघतात त्यावरून लोह किती, मॅग्नेशियम किती, कॅल्शियम, क्रोमियम, मँगनीज, टायटॅनियम किती ते कळतं. गार्नेटसाठी सगळ्या ऑक्साइडची बेरीज शंभराच्या आसपास यायला हवी. चौऱ्याण्णव आली तर कुठेतरी चूक आहे: ठिपका भेगेवर पडलाय किंवा पॉलिश खराब आहे. तो आकडा कितीही सुंदर दिसला तरी फेकायचा. नवी मुलं नेमका तोच ठेवतात.

साध्या अल्मंडाइनमध्ये लोहाचं ऑक्साइड तीस टक्क्यांच्या वर असतं, क्रोमियम जवळजवळ शून्य. किंबर्लाइटच्या पायरोपमध्ये मॅग्नेशियमचं ऑक्साइड वीस टक्क्यांच्या आसपास आणि क्रोमियम काही टक्के. यात गल्लत व्हायला जागाच नाही. खरी बारीक गोष्ट पुढे आहे. सगळे पायरोप सारखे नसतात. क्रोमियम जास्त आणि कॅल्शियम कमी असलेल्या गार्नेटला जी-१० म्हणतात. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या खडकातून एकेकाळी वितळून बरंचसं कॅल्शियम निघून गेलं, त्या उरलेल्या चोथ्यात हे जन्मतं. आणि हिऱ्यांच्या आत अडकलेले क्रोमियमवाल्या पायरोपचे कण तपासले तर त्यांतले बहुसंख्य याच जातीचे निघाले. दक्षिण आफ्रिकेच्या जॉन गर्नी यांनी क्रोमियम-कॅल्शियमच्या आलेखावर जी रेष ओढली ती अजून वापरतात. जी-९, म्हणजे कॅल्शियम जास्त असलेलं पायरोप, सापडलं तर किंबर्लाइट जवळपास असेल. जी-१० सापडलं तर त्या किंबर्लाइटनं हिऱ्याच्या घरातून वाट काढलेली असण्याची शक्यता वाढते. तिथंही फक्त शक्यताच.

नागपुरी_तर्री
ताई, भारी समजावलं. पण काळ्या दाण्यांचं काय? माझ्याकडे नोटा तपासायचा निळा दिवा आहे. कुही-खोबण्याकडे टंगस्टन आहे म्हणतात, त्याचे दाणे दिव्यात चमकतात असं ऐकलंय. रेतीवर मारून पाहू का?

जुना_हातोडा
तर्रीबुवा, शीलाइट म्हणजे टंगस्टनचं खनिज. ते चमकतं हे खरं, निळसर पांढरं, चांदणं पडल्यासारखं. कुही-खोबणा-आगरगाव पट्ट्यात टंगस्टन आहे हेही खरं. पण शीलाइटला आखूड लहरींचा अतिनील दिवा लागतो, २५४ नॅनोमीटरचा. नोटांच्या मशीनचा दिवा लांब लहरींचा, ३६५ च्या आसपासचा. त्यात शीलाइट गप्प बसतं. धोतराचा धागा आणि साबणाचा कण मात्र झकास चमकेल. आमच्या कॅम्पात एका नव्या पोरानं रात्री "साहेब, सापडलं!" म्हणून आरोळी ठोकली होती. डिटर्जंट होतं. आखूड लहरींचा दिवा घेतलात तर उघड्या डोळ्यांनी त्यात पाहू नका, चष्मा लावा.

सूचक खनिजं हा प्रकार फक्त हिऱ्यापुरता नाही. गानाइट म्हणून गडद हिरवं, जस्त असलेलं स्पिनेल जातीचं खनिज असतं. रूपांतरित खडकांतल्या जस्त-शिशाच्या साठ्यांजवळ ते मिळतं, बैतूल पट्ट्यात त्यावर अभ्यास झालाय. आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या कोलारी-भावरीला जस्त आहेच. सोन्याचा कण ओबडधोबड, काटेरी असेल तर घर जवळ. चपटा, दुमडलेला असेल तर लांबून आलाय. मॅग्नेटाइटसुद्धा, जे आपण चुंबकानं काढून फेकतो, त्यातल्या टायटॅनियम-व्हॅनेडियमवरून बरंच बोलतं. पण ते सगळं इथं लिहीत बसलो तर जेवण थंड होईल.

चंद्रपूरकर
सगळं वाचतोय, मजा येतेय, पण एक सांगू का? आमच्या गावी असेच साहेब आले होते. जीपा आल्या, दगडांवर पांढऱ्या रंगाचे आकडे पडले, काकांच्या वावरात ड्रिलिंग झालं. गावात कुणालाही काय चाललंय ते सांगितलं नाही. वर्षभरानं सगळे गेले. बोअरचं तोंड तसंच उघडं. धानाच्या बांधीत पाणी भरल्यावर ते दिसेना आणि काकांच्या बैलाचा पाय त्यात गेला. भरपाई राहू द्या, फोनसुद्धा कुणी उचलला नाही. तुम्ही दाण्याचं जन्मस्थान शोधता, चांगलं आहे. पण ज्याच्या वावरात ते जन्मस्थान निघतं, त्याची झोप उडते.

जुना_हातोडा
यावर माझ्याकडे उत्तर नाही. बोअर बुजवून वर सिमेंटचं झाकण बसवायचं असतं. हे न करणारे मी पाहिलेत. एक-दोनदा मीही तारखेच्या घाईत निघून आलोय. बैलाचं वाईट वाटलं.

नाल्याच्या रेतीचे नमुने घेण्यातली एकच चांगली गोष्ट म्हणजे बैलाला त्रास होत नाही. बोअर मारायच्या आधी शंभर नाल्यांची शंभर घमेली धुतली तर नव्वद वावरं तशीच राहतात.

ठोंब्या
काका आज गंभीर झाले. कोणीतरी वऱ्हाडींना चहा द्या.

धानाचा_बांध
काका, तुम्ही सांगितलंत तसं घमेलं धुतलं. पहिल्या वेळी सगळंच वाहून गेलं. दुसऱ्यांदा आईनं धुतलं, ती सुपानं तांदूळ पाखडते त्याच हातानं, आणि बरोबर काळी रेती उरली. पुडी कुरिअर केलीय. त्यात दोन काळे दाणे वेगळे वाटले: चकचकीत आणि दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून चिकटवल्यासारखे.

जुना_हातोडा
पुडी पोहोचली. आईंचा हात आमच्या जुन्या खलाशांपेक्षा, म्हणजे नमुने धुणाऱ्या मदतनिसांपेक्षा, चांगला आहे, सांगा त्यांना.

दुर्बिणीखाली पाहिलं. लाल दाण्यांतले बहुतेक विटकरी, अल्मंडाइनच दिसतात. जांभळा एकही नाही. काही नारिंगी आहेत, ते मला आवडले. कुठल्याही दाण्यावर केलिफाइटची साल नाही. पायरोप वर येताना त्याच्याभोवती करड्या रंगाची मळकट साल तयार होते. नाल्यात घासली की ती लवकर निघते, म्हणून सालीसकट दाणा मिळाला की शोधणारा सावध होतो, घर इथंच कुठंतरी आहे. हिरवं क्रोम डायॉपसाइडही नाही. पण त्यानं निराश व्हायचं नसतं. कॅनडात थंडी आणि बर्फ आहे. तिथं चक फिपके आणि स्टुअर्ट ब्लसन यांनी हिमनदीनं पसरवलेले दाणे उलट्या दिशेनं कित्येक वर्षं मागे शोधत नेले आणि १९९१ मध्ये लाक द ग्रा सरोवराजवळ हिरेवाला किंबर्लाइट गाठला. पुढे तिथं एकाती खाण झाली. आपल्याकडच्या उन्हा-पावसात डायॉपसाइड आणि ऑलिव्हिन ही हिरवी खनिजं कुजून माती होतात. इथं इल्मेनाइट आणि क्रोमाइटवर भिस्त ठेवावी लागते.

ते दोन काळे, आठ तोंडांचे म्हणजे अष्टफलक दाणे म्हणूनच ताईंकडे पाठवतो.

प्रोबवाली
ऑफिसच्या वेळेत घरचे दाणे मशीनवर टाकता येत नाहीत. पण एका एमएस्सीच्या मुलीच्या वडीत कोपऱ्यात जागा होती, तिनं स्वखुशीनं चौदा दाणे बसवले. आकडे आले.

अकरा लाल-नारिंगी गार्नेट, दोन अष्टफलक, एक इल्मेनाइट. गार्नेटमध्ये आठ साधी अल्मंडाइन: लोह ३३-३४, मॅग्नेशियम ३-४, क्रोमियम नाहीच. तीन नारिंगी दाण्यांत मँगनीजचं ऑक्साइड २५ च्या वर. म्हणजे स्पेसार्टाइन. इल्मेनाइटमध्ये मॅग्नेशियम नावालाच, अर्धा टक्काही नाही. किंबर्लाइटच्या इल्मेनाइटमध्ये ते चार-पाचच्या पुढे असतं.

अष्टफलक दोन्ही क्रोमाइट! मीही क्षणभर खुर्चीत सरळ झाले. पण हिऱ्याच्या आतल्या क्रोमाइटमध्ये क्रोमियमचं ऑक्साइड ६२ च्या पुढे आणि मॅग्नेशियम दहाच्या वर लागतं. इथं क्रोमियम ४८ आणि मॅग्नेशियम ४, उरलेलं लोह, वर थोडं जस्त. हा दाणा उष्णतेत-दाबात शिजून बदललेला आहे. खोल पोटातला नाही.

जुना_हातोडा
वा! ताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी.

आता मंडळी, गंमत बघा. मँगनीजवालं गार्नेट म्हणजे आपल्याकडे पहिली शंका गोंडाइटची. गोंड लोकांवरून भूवैज्ञानिक फर्मोर यांनी हे नाव दिलं, १९०९ मध्ये. हा खडक रामटेक-तुमसर पट्ट्यातल्या मँगनीजच्या खाणींतला. क्रोमाइट पवनीकडे आहे. तुमसर, पवनी दोन्ही वैनगंगेच्या वरच्या अंगाला. खोब्रागडीचं पाणी तिकडून येत नाही. म्हणजे ड्रायव्हर खरं बोलत होता, रेती वैनगंगेचीच.

नारिंगी गार्नेट पेग्मटाइट नावाच्या जाड्याभरड्या कणांच्या खडकातही मिळतं, म्हणून शपथेवर सांगत नाही. आणि गोसेखुर्द धरणानं वरची बरीच रेती अडवली आहे, त्यामुळे तुमसरकडचे दाणे असतील तर धरणाआधी येऊन पडलेल्या जुन्या रेतीतले.

ठोंब्या
रात्री अकराचा ट्रॉलीवाला खरं बोलला. हाच खरा शोध. हिरा गेला खड्ड्यात.

धानाचा_बांध
म्हणजे वैरागडबद्दल यातून काहीच कळलं नाही?

जुना_हातोडा
काहीच नाही. ना हो, ना नाही. तुम्ही वैरागडची साक्ष भंडाऱ्याच्या साक्षीदाराला विचारली.

विचारण्यासारखा प्रश्न मात्र आहे. आपण बस्तर क्रेटॉन नावाच्या फार जुन्या, जाड जमिनीवर बसलोय. त्याच क्रेटॉनवर पूर्वेला, छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यात, बेहराडीह आणि पायलीखंडला किंबर्लाइट जातीचे खडक सापडलेत. त्यांचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं निघालं, म्हणजे आपल्या दख्खनच्या लाव्ह्याच्याच काळातलं. वैरागडचे हिरे कुठल्या खडकातून नाल्यात आले, हे जाणून घ्यायचं असेल तर खोब्रागडीला मिळणारे छोटे नाले एकेक करून धुवावे लागतील. मोठ्या नदीत नाही, छोट्या नाल्यात. मोठ्या खडकाच्या आडोशाला, जिथं पाण्याचा जोर मोडतो आणि जड दाणे दबून बसतात, तिथली खालची खडीवाली रेती. वरची मऊ नको. नमुना घेण्यापुरतं ठीक, पण पुढे खणायचं म्हटलं तर स्वतःच्या वावरातही परवाना लागतो, तेवढं ध्यानात ठेवा. आणि जंगलात विचारल्याशिवाय शिरू नका.

झाडीपट्टी
माह्या मामाचं गाव तिकडंच हाय जी. नाला दाखवतो. आजीची काथवट अजून माळ्यावर पडून हाय.

धानाचा_बांध
झाडीपट्टी दादांसोबत रविवारी जाऊन आलो. आईपण आली, ऐकेचना. चार नाले, चार पिशव्या. काथवट घमेल्यापेक्षा भारी चालते, लाकडाच्या खरबरीतपणाला काळी रेती धरून राहते. तिसऱ्या नाल्यात एक दाणा जांभळट वाटला. मला वाटला. आईला नाही वाटला. परत येताना ठाणेगावजवळ पावसानं गाठलं, मोटारसायकलवर चिंब झालो.

जुना_हातोडा
छान! चारही पिशव्या वेगवेगळ्याच पाठवा, एकत्र करू नका. जांभळट दाणा कोणत्या पिशवीत आहे? पिशव्यांवर जागा लिहिल्यात ना?

धानाचा_बांध
लिहिल्या होत्या काका. निळ्या शाईच्या पेनानं. आता चारही पिशव्या सारख्याच निळ्या झाल्यात.

जुना_हातोडा
पेन्सिल, अहो, पेन्सिल! आणि चिठ्ठी पिशवीच्या आत. पुढच्या रविवारी पुन्हा जा.